अगादीरसाठी तारल्या

बैठकीला सात जण, कुत्रा धरून.
कोळी संघाची खोली, हीटर बंद.
उशीआनं इतिवृत्ताच्या वहीत
कुत्र्याचंही नाव घातलं, गणसंख्या भरावी म्हणून.

ठराव एकच:
अगादीरच्या कारखान्यात बायका एकोणीस दिवस
दाराबाहेर बसल्यात,
त्यांच्यासाठी शनिवारी चौकात तारल्या भाजायच्या.
ताट पाच युरो, पाव आणि वाइन त्यातच.
विरोधात कोणी नाही.
मग आंतोननं विचारलं, परवाना कोण काढणार,
आणि सगळे कुत्र्याकडे बघायला लागले.

पोस्टर मी केलं.
'आंतरराष्ट्रीय' कागदात मावेना,
शेवटची अक्षरं कडेनं खाली उतरवली,
डोक्यावर टोपली घेऊन जिना उतरावा तशी.
अरबी ओळ सुटी सुटी आणि उलट्या क्रमानं छापली गेली,
हे बेकरीतल्या ब्राहिमनं सांगितलं
पंचावन्न प्रती भिंतींवर लागल्यानंतर.
तो हसला नाही. ब्रश मागून घेतला
आणि पहाटेच्या पावाआधी
एकेका भिंतीशी उभा राहून सुलट लिहीत गेला.

आता खरं सांगते.
तो कारखाना आधी आमचा होता.
इथेच, गॅलिशियाच्या या खाडीवर.
भोंगा झाला की सगळी उतरण पांढऱ्या टोप्यांची व्हायची.
मग एका सोमवारी यंत्रांचे बोल्ट निघाले,
यंत्रं ट्रकवर चढली, दक्षिणेला गेली.
म्हणून पोस्टर लावताना
वरच्या खिडक्या बंद होत होत्या.
"पोटावर पाय दिला त्यांनाच आता वाढा,"
मारूशा म्हणाली, कपडे वाळत घालता घालता.
तोंडात चिमटा, पुढची शिवी नीट ऐकू आली नाही.
माझी मावशी ती. एकतीस वर्षं डबे भरले.

शनिवारी वारा भलतीकडे.
धूर सगळा चर्चमध्ये, आत लग्न.
नवरी खोकत बाहेर आली, तीन ताटं घेऊन गेली,
पैसे द्यायचे राहिले.
विटांवर जाळी, जाडं मीठ,
तारल्यांचे डोळे पांढरे होत चाललेले.
फोन लावला: ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि इज्जा.
आवाज तुटत होता. ब्राहिम तिच्या पाच वाक्यांचं
एक करून सांगत होता.
आंतोननं खाकरून भाषण काढलं, "भगिनींनो,"
आणि लाइन गेली.

परत लागली तेव्हा इज्जा बोटांवर मोजत होती,
किती तास, किती डबे.
मावशी चौकाच्या टोकाला, पिशवीत बटाटे,
सहज निघाले होते असा चेहरा.
ती पुढे आली. चष्मा कपाळावर केला.
पडद्यावरचा अंगठा, डावा.
आतून आडवी चीर,
मुंडकं उडवताना सुरी जिथे येऊन थांबते, तिथेच.
मावशीनं आपला अंगठा फोनसमोर धरला.
तिकडे कोणीतरी ओरडलं,
ताडपत्रीखालून अंगठे येत राहिले,
पडदा नुसता अंगठ्यांचा.

"विचार तिला, हातमोजे देतात का."
नाही देत.
"आम्हालाही शेवटची चार वर्षंच दिले."
मग बराच वेळ सुरीबद्दल:
धार कुठल्या दगडावर, मुठीला कापड बांधायचं की नाही.
आंतोनचं भाषण खिशातच राहिलं.

जमा चारशे बारा युरो, एक शर्टाचं बटण.
मावशीनं ताट घेतलं नाही.
माझी जागा गेली ती गेलीच, म्हणाली,
ते मी विसरायची नाही.
आणि जाळीजवळच्या पोराला कोपरानं सारलं:
करपवतोस काय रे, मीठ आधी, आधी मीठ!

मंगळवारी खोलीत टेबलावर खोका होता.
पिवळे रबरी हातमोजे, न वापरलेले,
डाव्या हाताचे जास्त.
उशीआनं वहीत लिहिलं: आवक, हातमोजे, एक खोका.
'कोणाकडून'चा रकाना रिकामा ठेवला.
कुत्रा खोका हुंगत राहिला,
त्याला आत मासे आहेत असंच वाटत होतं.